बसून ऐकणारी

घरात तिला सगळे पाहुणी म्हणत. नाव धाकट्या भावानं पाडलं होतं. ते असं चपखल बसलं की ती यायची म्हटलं की भावजय कपाटातली चांगली चादर काढता काढता शेजारणीला सांगायची, "आमची पाहुणी येतेय, चार दिवस." चाराचे पाच दिवस कधी झाले नाहीत. तेव्हा आपणही तिला पाहुणीच म्हणू.

वय बेचाळीस. संसार मांडला नाही, त्यामुळे मोडायचाही राहिला. एक पाठपिशवी, एक लॅपटॉप आणि दीड-दोन महिन्यांनी देश बदलायची खोड. ओळखीपाळखीच्यांना वाटायचं, बाई जग बघतेय, मजा आहे. पाहुणी त्यांना तसं वाटू द्यायची. प्रत्यक्षात ती जगातलं जे काही बघायची त्यातलं निम्मं टेबलावरच्या पडद्यात असायचं. मोठ्या माणसांना इंटरनेटवरून इंग्रजी बोलायला शिकवायचं, एकेकाला पंचवीस मिनिटं, दिवसाला दहा-बारा जण. देश बदलला तरी पाठीमागची भिंत पांढरी हवी, एवढीच कंपनीची अट.

आताची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. खिडकीतून मधला चौक दिसायचा, त्यात चारही मजल्यांचे कपडे वाळत असायचे आणि खोलीला दिवसभर ओल्या कापडाचा वास यायचा. घरमालकीण खालच्या मजल्यावर शिवणकाम करायची. तिचं मशीन थांबलं की एक वाजला असं समजायचं.

माणसं ओळखण्यात पाहुणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची एक वही होती. प्रत्येक विद्यार्थ्याला जोडपान. डावीकडे तो काय सांगतो ते, उजवीकडे काय सांगत नाही ते. परक्या भाषेत माणूस आधी खरंच बोलतो, खोट्याला शब्द जास्त लागतात, असं तिचं म्हणणं. उदाहरणार्थ, तिचा सगळ्यात जुना विद्यार्थी, एक दातांचा डॉक्टर. डावं पान: मुलगा परदेशात, फार हुशार, फार कामात. उजवं पान: मुलगा फोन उचलत नाही. डॉक्टरच्या घरात कुणाला नसेल ठाऊक, ते हजारो मैलांवरच्या या बाईच्या वहीत शाईनं लिहिलेलं होतं.

आपल्या घराचं मात्र तिनं असं पान कधी मांडलं नाही. तिथं एकच गोष्ट अडकून पडली होती.

सहा वर्षांपूर्वी वडील आजारी पडले. भावानं कळवलं. पाहुणीकडे तेव्हा परीक्षेला बसणारी माणसं होती, आठ दिवसांत निघते म्हणाली. वडील सहाव्या दिवशी गेले. ती पोचली तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळलीसुद्धा नाही.

"ते जाताना तुझ्याविषयी एक बोलले," आई म्हणाली. "सांगेन. पण तू नीट बसलीस की."

पाहुणी बसली नाही. चार दिवसांनी परतीचं तिकीट होतं. आधी वाटलं, पुढच्या खेपेला. मग भीती वाटायला लागली. मग तीच भीती आतून कुरतडायला लागली, आणि फोनवरून ती विचारू लागली, आई, बाबा काय म्हणाले? आईचं उत्तर ठरलेलं. "फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. तू बैस आधी." दर रविवारी अकराला आईचा व्हिडिओ फोन यायचा. जेवलीस का, बीपी किती आलं, भावाच्या मुलीला सर्दी झालीय. बास. तेसुद्धा पाहुणी अर्धवट ऐकायची, कारण दहा ते बारा तिची हजेरी असायची.

ही हजेरी म्हणजे काय ते सांगायला हवं, सगळं तिथूनच सुरू झालं. कंपनीचा नियम होता, रोज दोन तास शिक्षकानं कॅमेऱ्यापुढं नुसतं बसून राहायचं. वेळ न ठरवता कुणी विद्यार्थी आलाच तर त्याला शिकवायचं. येत कुणी नसे. पण चेहरा पडद्यावर नसला की शेरा बसायचा. मग एका जुन्या शिक्षिकेनं तिला युक्ती सांगितली. "अगं, सगळे करतात. स्वतःची क्लिप काढून ठेव आणि कॅमेऱ्याऐवजी तीच लावून दे. फिरत राहते गोल गोल. तू जा गाव बघायला."

पाहुणीनं राखाडी स्वेटर घालून सात मिनिटांची क्लिप काढली. ती ऐकतेय, मान डोलावतेय, मधेच हसतेय, बट कानामागं सारतेय, ग्लासातलं पाणी दोन घोट पितेय. आपण मन लावून ऐकतोय असं दाखवण्याचीच तर ती भाकरी खात होती. क्लिप झकास निघाली.

बुधवारी ती लावून पाहुणी तळ्यावर गेली. त्या गावात येऊन तीन आठवडे झाले होते आणि तळं तिनं पहिल्यांदा पाहिलं. थंडगार बाकावर बसून तिनं बदकं मोजली, एक सफरचंद खाल्लं आणि साडेबाराला परत आली.

पडद्यावर सूचना होती. दहा वीसला दातांचा डॉक्टर येऊन गेला होता. पूर्ण पंचवीस मिनिटं. पाच तारे. खाली शेरा: आज मॅडमनी ऐकून घेतलं.

पाहुणी हसली. म्हातारा बडबड्या तर होताच. समोर फोटो टांगला असता तरी त्याचा तास झाला असता. तिनं वहीत त्याच्या उजव्या पानावर लिहिलं, ‘उत्तर लागत नाही.’

गुरुवारीही तिनं क्लिप लावली, तेव्हा एक नर्स आणि आणखी दोघं येऊन गेले. शुक्रवारी डॉक्टरचा नेहमीचा तास होता. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला, त्याचा मतलब असा:

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं. मुलाला फोन करणं थांबवलं. त्याचाच आला."

"मी? मी कधी सांगितलं?"

"बुधवारी. तुमच्या वडिलांचं सांगितलंत ना तेव्हा." डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "आठ दिवस म्हणालात आणि सहाव्या दिवशी... फार वाईट वाटलं मला. मी कुणाला बोलणार नाही, काळजी करू नका."

पाहुणीनं विद्यार्थ्यांपुढं घरचा एक शब्द कधी काढला नव्हता. तिनं धडा उघडला, डॉक्टरकडून हॉटेलात खोली मागायचा सराव करून घेतला, तास संपवला आणि बुधवारचं रेकॉर्डिंग शोधलं. कंपनी ते आठवडाभर ठेवायची.

रेकॉर्डिंगमध्ये क्लिपच होती. राखाडी स्वेटर, डोलणारी मान, कानामागं जाणारी बट. तिचा आवाज कुठंही नव्हता. डॉक्टर बोलायचा, थांबायचा, कान देऊन ऐकायचा, ‘हो, हो’ म्हणायचा, आणि पुन्हा बोलायचा. एकदा त्यानं डोळे पुसले. चला, म्हातारपण, पाहुणीनं मनाशी म्हटलं. एकटा माणूस, समोरच्या चेहऱ्यात काय वाटेल ते ऐकू येतं. वडिलांचं? कधीतरी बोलून गेलो असू आपण, थकलेल्या दिवशी.

ती रेकॉर्डिंग बंद करणार एवढ्यात तिचं लक्ष ग्लासाकडं गेलं.

क्लिप सात मिनिटांची. दर सात मिनिटांनी पहिल्यापासून सुरू होणार, म्हणजे ग्लास दर सात मिनिटांनी पुन्हा काठोकाठ दिसायला हवा. तिनं रेकॉर्डिंग मागंपुढं करून पाहिलं. पहिल्या फेरीत दोन घोट. दुसऱ्या फेरीत आणखी दोन, जिथं थांबले होते तिथून खाली. तिसऱ्या फेरीत तळ दिसू लागला. शेवटच्या मिनिटांत तिनं रिकामा ग्लास तोंडाला लावला, आणि ठेवून दिला.

आठवडाभर पाहुणीनं क्लिपला हात लावला नाही. हजेरीला स्वतः बसली. दोन-दोन तास कुणीही फिरकलं नाही. ठरलेल्या तासांना विद्यार्थी यायचे, पण आता त्यांच्या तोंडावर एक नाराजी असायची, दुकानात नेहमीचा माणूस नसला की गिऱ्हाइकाच्या तोंडावर असते तशी. ती नर्स तर स्पष्टच म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही थकलेल्या दिसता. त्या गुरुवारसारख्या नाही." तारे पाचाचे तीन झाले.

पाहुणी हिशेबी बाई. तिनं दोन्ही बाजू मांडल्या. एकीकडे एक ग्लास पाणी. दुसरीकडे मोकळ्या सकाळी, खूश विद्यार्थी, आणि न पाहिलेलं आख्खं गाव. जे कळत नाही त्याच्यापासून त्रास नसेल तर त्याला भाडेकरूसारखं राहू द्यावं, असं तिनं ठरवलं. क्लिप पुन्हा लागली. पाहुणीनं टेकडी पाहिली, जुना पूल पाहिला, एका संग्रहालयात नाण्यांपुढं तासभर उभी राहिली. विद्यार्थी हजेरीच्या वेळेतच यायला लागले, रांगेनं, ठरलेले तास सोडून. पाच तारे. पाच तारे. पाच तारे.

एका रविवारी ती जिना चढत होती तेव्हा घरमालकिणीनं मशीनवरून मान वर केली आणि दचकली.

"तुम्ही बाहेर कधी गेलात? आत्ता तर वर होतात. पाण्याचं बिल द्यायला आले होते मी. दार किलकिलं होतं, तुम्ही बोलत होतात म्हणून ठोठावलं नाही."

"मी बोलत होते?"

"तुमच्या भाषेत. किती हळू बोलता तुम्ही आपल्या भाषेत. शिकवताना तर घर डोक्यावर घेता."

पाहुणीनं जिन्यातच फोन पाहिला. भावाचा निरोप होता: ताई, आज आईशी पाऊण तास बोललीस. किती दिवसांनी हसली ती. असंच बोलत जा.

अकरा वाजता ती पुलावर होती. आईचा फोन लॅपटॉपवरही वाजतो हे ती विसरली होती. पण वाजला तरी उचलला कुणी?

तिनं भावाला फोन लावला. "आज आईशी मी बोलले?"

"नाही, मी बोललो बायकी आवाज काढून! नाटकं पुरे गं ताई."

"काय बोलले मी?"

"मला काय ठाऊक? आईनं मला खोलीबाहेर काढलं. म्हणाली, जा रे, माझी पोर जरा बसलीय."

 पाहुणीनं वर जाऊन क्लिप पुसून टाकली. कचऱ्यातूनही पुसली.

पुढच्या रविवारी ती दहा मिनिटं आधीपासून तयार होती. विद्यार्थी नाही, वही नाही. आईचा चेहरा पडद्यावर आला आणि पाहुणी म्हणाली, "आई, आज मी बसलेय. कितीही वेळ बोल."

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग मागच्या भिंतीकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं.

"आज घाईत दिसतेस," आई म्हणाली. "नंतर करते." आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात आई आजारी पडली. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आणली. ती बरं वाटलं म्हणून आणली नव्हती. भाऊ फोनवर रडला नाही, फक्त म्हणाला, "ताई, या वेळेस आठ दिवस म्हणू नकोस." पाहुणीनं पाठपिशवी भरली. मिळालं ते पहिलं तिकीट गुरुवारचं होतं. सोमवारी ती विमान कंपनीच्या कचेरीत चार तास रांगेत उभी राहिली, खिडकीतल्या माणसाला आई जातेय म्हणून सांगितलं. त्यानं हात जोडल्यासारखे केले आणि पुढच्याला बोलावलं. गुरुवार म्हणजे गुरुवारच.

मंगळवारी दुपारी साडेबाराला भावाचा फोन आला. "आई तुलाच विचारतेय सारखी. काहीतरी सांगायचंय म्हणते. आत्ता लाव व्हिडिओ, वेळ घालवू नकोस."

पाहुणीनं हेडफोन चढवला. पडदा उजळला. आई उशीत बुडाली होती, गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र लख्ख. भावानं टॅबलेट तिच्यासमोर धरला होता.

"आई, मी आहे. गुरुवारी येतेय मी. बोल."

आई बघत राहिली. मग तिनं पदर सावरला. परक्या माणसापुढं सावरतात तसा.

"तुम्ही कोण?"

"आई, मी."

"आमची मुलगी असते इथं. ह्याच खोलीत." आईचा आवाज क्षीण होता, पण त्यात सगळी रीत होती, दारी आलेल्याशी बोलायची. "तुम्ही शेजारच्या का? तिला द्या जरा. मला तिला एक सांगायचंय. तिच्या बाबांचं आहे."

"आई, अगं मीच... मला सांग. मला सांग ना."

"नाही हो. तिलाच सांगायचंय." आईला धाप लागली. "फार नाही वेळ घेणार. बोलवा ना तिला."

मागून भाऊ काहीतरी म्हणाला. आईनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं.

पाहुणीनं क्लिपचा प्रोग्रॅम उघडला. यादी रिकामी असायला हवी होती. क्लिप तिथं होती. तारीख आजची. लांबीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. क्लिपवर बोट दाबलं, खुर्चीतून उठली, आणि भिंतीला पाठ लावून बाजूला उभी राहिली. कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

तिरक्या कोनातून तिला पडदा दिसत होता. कोपऱ्यातल्या चौकटीत राखाडी स्वेटर.

आईनं डोळे उघडले.

आई हसली. पाहुणीला ते हसू आठवत होतं. ती शाळेतून यायची तेव्हाचं होतं. आईनं भावाला हातानंच जायला सांगितलं. त्यानं टॅबलेट उशीला टेकवला आणि तो चौकटीबाहेर गेला.

आई बोलू लागली.

आवाज हेडफोनमध्ये जात होता. खोलीत फक्त खालच्या मशीनची खडखड. पाहुणी ओठांकडं बघत राहिली. पहिला शब्द ‘बाबा’ होता, तेवढा कळला. पुढचे कळले नाहीत. आई थांबायची, ऐकायची, मान हलवायची, पुन्हा बोलायची. वायर ओढली असती तर आवाज खोलीत आला असता.

तिनं हात पुढं केला.

पडद्यावर आईचे ओठ थांबले. नजर खुर्चीवरून सरकली आणि त्या हातावर येऊन टेकली. चेहऱ्यावर भीती आली, साधी, लहान मुलाची.

पाहुणीनं हात मागं घेतला.

आई पुन्हा बोलू लागली.

बारा मिनिटं. मग आई गप्प झाली. सगळं सांगून झाल्यावर माणूस होतो तशी. तिनं टॅबलेटच्या काचेवर तळवा ठेवला आणि पडदाभर फक्त हाताच्या रेषा दिसल्या.

हात खाली घसरला.

भाऊ धावत आला. छत दिसलं, पंखा दिसला, भावजयीचा खांदा दिसला. फोन बंद झाला. कोपऱ्यातली चौकटही विझली.

खाली मशीन थांबलं होतं.

थोड्या वेळानं भावाचा फोन आला. तो आता रडत होता. "शेवटपर्यंत तू होतीस गं ताई. तिला तेवढंच हवं होतं. शांत गेली."

"काय म्हणाली रे ती?"

"मी बाहेर होतो ना." त्यानं नाक ओढलं. "तुलाच ठाऊक आता."

फोन ठेवून पाहुणी खुर्चीत बसली. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं टेबलावरचा हेडफोन उचलला आणि कानांना लावला. त्यातून काहीही ऐकू येत नव्हतं. कानांवरच्या गाद्या मात्र गरम होत्या, आणि एका बाजूची जराशी ओली.